हब बसवले म्हणजे झालं असं नाही

फोर व्हील जीपच्या पुढच्या चाकांना मॅन्युअल हब (हाताने डायल फिरवून चाक ॲक्सलला जोडायचं, म्हणजे लॉक करायचं, किंवा मोकळं सोडायचं साधन) बसवले की ॲव्हरेज वाढतं असं म्हणतात, ते थोडंसं खरं आहे, पण खरा फायदा वेगळाच. हब मोकळे ठेवले की टू व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) पुढची चाकं मोकळी फिरतात, त्यामुळे त्यांना ताकद पोचवणारे पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरून झिजत नाहीत, आवाजही कमी होतो. पण आपल्याकडे किनाऱ्यावर एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे खारी हवा. माझी जुनी जीप मिठबावला (सिंधुदुर्गात, समुद्रकाठी) असते, होडी वाळूवरून वर ओढायला लागते. पहिल्या पावसाळ्यात हब लॉकच केले नाहीत आणि नारळी पौर्णिमेनंतर बघतो तर डावा डायल हलेना, पक्कड लावली तर कडाच तुटली (पक्कड कधीच लावू नका, हाताने फिरला नाही तर गाडी हातभर पुढेमागे करा, दाते जुळले की फिरतो). उघडल्यावर आत सगळं मिठाळलेलं आणि ग्रीस साबणासारखं पांढरं, म्हणजे पाणी गेलेलं, कारण ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) जुनीच परत बसवली होती. ती नवीनच घाला, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि हब लॉक करणाऱ्या आतल्या सरकत्या रिंगला ग्रीस अगदी पातळ हात, ठासून भरलं तर ती सरकतच नाही. आता महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून चारपाच किलोमीटर फिरवतो, पुढच्या डिफरन्शियलचं ऑइल पण सगळीकडे पोचतं. आणि वाळूत उतरायच्या आधीच लॉक करा हो, चाक रुतल्यावर हबपर्यंत हात घालायला आधी वाळू उपसावी लागते आणि तोवर भरतीचं पाणी टायरला लागलेलं असतं.