सरकारी बँकेत परदेशी पैसा किती येऊ शकतो?

प्रश्न: आईची एफडी महाबँकेत आहे, शेजारचे काका म्हणतात आता सगळ्या बँका परदेशी लोकांच्या हातात जाणार, खरंय का हे? ती फार घाबरलीये.

प्रतिसाद १: आईंना सांगा घाबरू नका. सरकारी बँकेत परदेशी गुंतवणूक जास्तीत जास्त २० टक्के आणि सरकारचा हिस्सा कायद्याने ५१ च्या खाली जाऊ शकत नाही. खाजगी बँकेत मात्र ७४ टक्क्यांपर्यंत चालतं, पण मतदानाचा हक्क कुणाही एकाला २६ टक्क्यांपर्यंतच, हे लोक विसरतात.

प्रतिसाद २: परदेशी म्हणजे वाईटच असं पण नाहीये हो. २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक अडकली, खातेदारांना २५,००० च्या वर काढता येईना, तेव्हा सिंगापूरच्या डीबीएस बँकेनेच ती घेतली, २,५०० कोटी आणले आणि ठेवी वाचल्या. शेअरवाल्यांचं मात्र सगळं गेलं, छोट्या माणसांचं पण, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रतिसाद ३: आणि एक, बँक कुणाचीही असो, ती बुडाली तर ठेवींवरचा विमा ५ लाखांचाच, व्याज धरून. रक्कम मोठी असेल तर दोन-तीन बँकांत ठेवा.

प्रश्नकर्ता: खूप आभार, आज रात्रीच आईला वाचून दाखवतो.