शेअर न घेता स्टॉक फ्युचर्स: लाखात पाच लाखांचा सौदा कसा चालतो?

प्रश्न
स्टॉक फ्युचर (ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याचा करार) घ्यायचाय. शेअरचा भाव १,००० रुपये, लॉट (एका सौद्यातले किमान शेअर) ५०० चा. ब्रोकर मार्जिन मागतोय सुमारे एक लाख. मग उरलेले चार लाख ब्रोकर घालतो का? त्यावर व्याज किती? आणि रोख पैशांऐवजी डीमॅटमधले शेअर तारण ठेवले तर चालेल का?

उत्तर १
चार लाख कुणीच घालत नाही, कारण सौदा करताना शेअर विकत घेतलेच जात नाहीत. सौदा भावातल्या फरकाचा. लाख रुपयांचं मार्जिन ही अनामत. व्याज वेगळं लागत नाही, ते भावातच मुरलेलं असतं: महिन्याचा फ्युचर बहुधा शेअरपेक्षा पाच-सहा रुपये वर चालतो आणि एक्स्पायरीपर्यंत (कराराच्या शेवटच्या दिवसापर्यंत) तो फरक विरतो. लाभांशही मिळत नाही.

नीट समजून घ्या ते एमटीएम (मार्क टू मार्केट, रोजच्या भावाने नफातोटा चुकता करणं). रोज बाजार बंद झाला की हिशेब होतो. भाव ९६० वर आला तर ४० × ५०० = २०,००० रुपये खात्यातून जातात. शेअर ४ टक्के पडला, तुमचे २० टक्के गेले. उरले ८०,०००, नव्या भावाने २० टक्के मार्जिन लागतं ९६,०००. म्हणजे १६,००० लगेच भरा, नाहीतर दंड, आणि ब्रोकर पोझिशन कापतो, म्हणजे तुमचा सौदा परस्पर बंद करतो. बाजार उसळता असला की मार्जिनचा टक्काही वाढतो.

उत्तर २
तारण चालतं, पण हेअरकट (शेअरच्या किमतीतून धरली जाणारी टक्केवारीची कपात) वजा होऊन. शिवाय निम्मं मार्जिन रोख किंवा लिक्विड फंडासारख्या रोखीसमान तारणात हवं. एमटीएम मात्र रोखच. बाजार पडतो तेव्हा तारणाची किंमतही घसरते, म्हणून दोन्हीकडून ओढ बसते.

स्टॉपलॉसवर (भाव पडला की आपोआप विकायच्या ऑर्डरवर) फार विसंबू नका. ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ९८०, लिमिट (त्याखाली विकायचं नाही असा भाव) ९७८ लावलंत आणि कंपनीच्या तिमाही निकालानंतर शेअर ९३५ ला उघडला, तर ऑर्डर तशीच लटकते. तोटा ३२,५००. निकालाच्या आदल्या दिवशी लॉट कापलेलाच बरा.

उत्तर ३
एक्स्पायरीचं राहिलं. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या स्टॉक फ्युचर्सना डिलिव्हरी सक्तीची आहे. सौदा एक्स्पायरीपर्यंत उभा राहिला तर खरेदीवाल्याला पूर्ण पाच लाख भरून ५०० शेअर घ्यावे लागतात. शॉर्टवाल्याकडे (आधी विकून बसलेल्याकडे) शेअर नसतील तर एक्सचेंज लिलावात ते त्याच्या खर्चाने घेतं, आणि तो भाव त्याच्या हातात नसतो. एनएसईवर एक्स्पायरी आता महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी असते. शेवटच्या दिवसांत ब्रोकर मार्जिन वाढवतात. सौदा पुढे न्यायचा असेल तर आधीच्या आठवड्यातच चालू महिना विकून पुढचा घ्या.

प्रश्नकर्ता
परदेशी ॲपवरचे सीएफडी (शेअर न घेता भावातल्या फरकावर केलेले करार) हेच का?

उत्तर १
तत्त्व तेच, पण समोर एक्सचेंज नसतं, ॲपची कंपनीच असते. आणि एलआरएसखाली (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) परदेशात मार्जिनसाठी पैसे पाठवायला परवानगीच नाही.