मदत हवी आहे: रात्री साडेदहानंतर घरातले स्मार्ट दिवे ऐकेनासे होतात

नमस्कार मंडळी,

आधी कबुली देऊन टाकतो. मी याला हौस म्हणतो, घरचे व्यसन म्हणतात. चार वर्षांपूर्वी रंग बदलणारा एक बल्ब आणला आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. आज राउटरच्या यादीत २४ नावं दिसतात. त्यातली पाच-सहा कशाची आहेत हे मलाही पटकन सांगता येणार नाही. एका खणात नुसते अ‍ॅडॉप्टर भरलेत, कुठला कशाचा ते देव जाणे, पण टाकवत नाहीत. रिकामी खोकी माळ्यावर. नव्या वस्तूवरची ती पारदर्शक फिल्म सोलताना जे वाटतं ते इथल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असेल, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

तर मुद्दा. वायफायवरच्या २४ गोष्टी सोडून झिगबीवर (स्मार्ट उपकरणांचं वायफायहून वेगळं, कमी विजेवर चालणारं बिनतारी नेटवर्क) आणखी १९ आहेत: ११ बल्ब, ४ हालचाल ओळखणारे सेन्सर आणि ४ दरवाज्यांचे सेन्सर. हे सगळं एका छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून चालवतो. त्याच्या यूएसबीला झिगबीचं डोंगल, म्हणजे सेन्सर-बल्बांशी बोलणारा छोटा रेडिओ, लावलंय. दोन वर्षं हे इतकं बिनबोभाट चाललं की मी पाहुण्यांना दाखवून दाखवून कंटाळलो (पाहुणे त्याच्या आधीच कंटाळले असणार).

गेले तीन आठवडे मात्र रात्री साडेदहाच्या पुढे काहीतरी बिनसतं. पॅसेजमधल्या सेन्सरसमोरून गेलं तरी दिवा लागत नाही, किंवा आपण पार पलीकडे पोचल्यावर लागतो. अ‍ॅपमधून बल्ब बंद करायला गेलो की चक्र फिरत राहतं. पहाटे चारला मुद्दाम उठून पाहिलं तर सगळं ठणठणीत. दिवसा तर काहीच तक्रार नाही.

परवा साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर आई पॅसेजमध्ये अंधारात उभी. सेन्सरकडे बघून हात हलवत होती, सुटलेल्या गाडीला टाटा करतात तसा. मला म्हणाली, "अरे, तुझा दिवा झोपलाय वाटतं." मोबाइलच्या उजेडात तिला पुढे सोडलं. भिंतीवरच्या बटणावर तर मीच चिकटपट्टी मारून ठेवलीये, कारण कुणी ते बंद केलं की बल्बची वीजच जाते आणि तो नेटवर्कवरून गायब होतो. दुसऱ्या दिवसापासून आईच्या उशाशी टॉर्च आहे. ती काही बोलली नाही, पण मला ते लागलं. बायकोचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "चिकटपट्टी काढ."

आत्तापर्यंत केलेले उपाय: राउटर बंद-चालू. सेन्सरचे सेल बदलले. पॅसेजचा सेन्सर काढून पुन्हा जोडला. वायफाय १ नंबरच्या चॅनलवर आणि झिगबी २५ वर नेलं, म्हणजे दोघांची टक्कर व्हायला नको. मायक्रोवेव्हवर संशय होता, पण रात्री तो कुणी लावतच नाही.

आता विचार असा आहे की झिगबीला रामराम ठोकून सगळं मॅटर (वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांची सामाईक भाषा) आणि थ्रेडवर (झिगबीसारखंच दुसरं बिनतारी नेटवर्क) न्यावं. तंत्रज्ञान नवं आहे, २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटरची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून डोक्यात आहेच. कुणी असं केलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा, अक्षरशः.

प्रतिसाद १

घाई करू नका. घड्याळ लावल्यासारखा साडेदहालाच बिघाड होत असेल तर साडेदहाला घरात काय सुरू होतं किंवा काय बंद होतं ते आधी शोधा. आणि तीन-चार आठवड्यांत नवीन काय आणलंत? "काहीच नाही" असं म्हणू नका, तुमचा वरचा मजकूर वाचलाय.

धागाकर्ता

पकडलंत. हवेची गुणवत्ता मोजणारा एक सेन्सर आणला, पण तो वायफायवर आहे. झाडू मारणारा रोबो आणला, तो सकाळी फिरतो आणि काळ्या सतरंजीला खड्डा समजून परत फिरतो, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. आणि एक दोन टेराबाइटची बाहेरची एसएसडी, म्हणजे यूएसबीला लावायची डिस्क. घरातल्या नेटवर्क डिस्कवरच्या फोटो-व्हिडिओंची रोज रात्री तिच्यावर प्रत घेतो. ती वायरने जोडलेली आहे, तिचा रेडिओशी काही संबंध नाही.

साडेदहाला बंद काय होतं म्हणाल तर हॉलचा दिवा. बायको झोपायला जाताना सवयीने भिंतीवरचं बटण दाबते. तिथे चिकटपट्टी लावायची माझी हिंमत झालेली नाही.

प्रतिसाद २

एसएसडी कुठल्या संगणकाला जोडलीये? झिगबीचं डोंगल ज्याला आहे त्यालाच? आणि प्रत घ्यायची वेळ काय लावलीये?

धागाकर्ता

हो, त्यालाच. शेजारचंच पोर्ट. वेळ रात्री साडेदहा.

...थांबा.

प्रतिसाद २

हेच म्हणणार होतो. यूएसबी ३ च्या वायरीतून सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने संकेत धावतात आणि त्या गडबडीतून जो विद्युत गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. झिगबी तिथेच बोलतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. वायरलेस माउसचा बाण डिस्क लावल्यावर अडखळतो, तो याच कारणाने. तुमचं डोंगल त्या डिस्कला खेटून बसलंय, म्हणजे लाऊडस्पीकरच्या तोंडाशी बसून कुजबुज ऐकायची. सेन्सर बिचारा सांगतोय, पण डोंगलला ऐकूच येत नाही. चॅनल बदलून उपयोग होणार नाही, कारण गोंगाट एका चॅनलपुरता नसतो, सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो.

उपाय फार गरीब आहे: यूएसबी २ ची एक्स्टेन्शन वायर, एक मीटर किंवा जास्त. डोंगल तिच्या टोकाला लावून डिस्क, संगणक आणि राउटर यांच्यापासून लांब, जरा उंचावर ठेवा. झिगबीचा वेग जास्तीत जास्त २५० किलोबिट, त्यामुळे यूएसबी २ ची वायर त्याला रग्गड झाली. आणि डिस्क बंद न करता हा प्रयोग करा, नाहीतर कशामुळे बरं झालं ते कळणार नाही.

प्रतिसाद ३

सेलवर चालणारा साधा सेन्सरवाला दिवा आईंच्या पॅसेजमध्ये चिकटवा आणि झोपा. ना अ‍ॅप, ना डोंगल.

धागाकर्ता

प्रतिसाद ३: तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच ते मान्य करायला जड जातंय.

प्रतिसाद २: करून बघतो. पण एक शंका. थ्रेडवर गेलो तर हा प्रश्न मुळातूनच सुटणार नाही का?

प्रतिसाद २

नाही. थ्रेडच्या खालीही झिगबीसारखाच ८०२.१५.४ या मानकाचा रेडिओ आहे आणि तोही २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. सगळे बल्ब बदलून तुम्ही पुन्हा त्याच लाऊडस्पीकरशेजारी जाऊन बसाल. थ्रेड चांगलंच आहे, घ्यायचं तर जरूर घ्या, पण या बिघाडाचं निमित्त करून घेऊ नका. (आम्हीही यातून गेलोय.)

प्रतिसाद ४

वायरिंगची कामं करतो म्हणून हॉलच्या दिव्याबद्दल लिहितो. त्याकडे दुर्लक्ष करू नका. झिगबीमध्ये कायम विजेवर असलेला बल्ब नुसता उजेड देत नाही, आजूबाजूच्या सेन्सरचे निरोपही पुढे पोचवतो. सेलवरचे सेन्सर हे काम करत नाहीत, त्यांना कुणाचा तरी हात धरावा लागतो. बटण दाबून बल्बची वीज तोडली की त्याचा हात धरलेला सेन्सर पोरका होतो. काही सेन्सर लगेच दुसरा शोधतात, काही तासन्‌तास रुसून बसतात.

माझ्या मते जिथे घरातली माणसं बटण वापरतात तिथे स्मार्ट बल्ब लावूच नये. साधा बल्ब ठेवा आणि बोर्डाच्या आत, बटणामागे झिगबीचा रिले (दूरवरून चालू-बंद करता येणारा छोटा स्विच) बसवा. बटणही चालतं, अ‍ॅपही चालतं, सेन्सरही चालतो आणि रिलेला वीज कायम मिळत असल्याने निरोप पोचवायचं कामही सुरू राहतं. छोटा संगणक बंद पडला तरी बटण दाबल्यावर दिवा लागतो, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं.

मात्र बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आहे का ते आधी बघा. पुष्कळ ठिकाणी बटणापर्यंत फक्त फेज (वीज आणणारी वायर) आणि दिव्याकडे जाणारी वायर आणलेली असते. न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात, पण ते आपल्यापुरता थोडा करंट बल्बमधूनच ओढतात. कमी वॅटचा एलईडी असेल तर बंद असतानाही मिणमिणतो नाहीतर लुकलुकतो. तेव्हा मग आईंना दुसरी भीती. आणि मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नका. ही कामं येत नसतील तर येणाऱ्याला बोलवा.

धागाकर्ता

अहवाल द्यायला उशीर झाला, कारण नीट तपासून मगच लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी हॉलचा दिवा चालू ठेवला आणि मुद्दाम एक मोठं फोल्डर एसएसडीवर कॉपी करायला लावलं. आईला पॅसेजमध्ये उभं केलं. मी आतून ओरडायचो, "आता?" ती हात हलवून म्हणायची, "नाही." कॉपी थांबवली. "आता?" "लागला!" असं सहा वेळा केलं. सहाव्या वेळी ती म्हणाली, "मला कळलं रे, तुला कधी कळणार?" म्हणजे दोष हॉलच्या बटणाचा नव्हता, तीन आठवड्यांपूर्वी मीच कौतुकाने शेजारी आणून बसवलेल्या पाहुणीचा होता.

मग वायर. खरेदी करावी लागलीच नाही. त्या अ‍ॅडॉप्टरच्या खणात दीड मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन सापडली, कुठल्यातरी जुन्या वेबकॅमबरोबर आलेली. (टाकवत नाहीत म्हणालो होतो ना!) डोंगल पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या कडेला चिकटवलं. पॅसेजच्या सेन्सरचा एलक्यूआय, म्हणजे २५५ पैकी मिळणारा संकेताचा दर्जा, कॉपी चालू असताना ३० च्या आसपास घुटमळत होता, तो आता १४० च्या खाली जात नाही. अकरा रात्री झाल्या, पॅसेजचा दिवा एकदाही चुकलेला नाही.

मागच्या दाराचा सेन्सर मात्र अजूनही रात्री अधूनमधून गायब होतो. झिगबी नेटवर्कचा नकाशा उघडून पाहिलं तर तो हॉलच्या बल्बचाच हात धरून बसलाय. प्रतिसाद ४, तुमचं म्हणणं तिथे तंतोतंत लागू पडलं. मेन बंद करून हॉलचा आणि पॅसेजचा बोर्ड एका माहितगाराकडून उघडून घेतला. हॉलमध्ये न्यूट्रल आहे, पॅसेजमध्ये नाही. हॉलसाठी रिले मागवलाय. पॅसेजच्या बटणावरची चिकटपट्टी काढली, तिचा डिंक अजून निघत नाहीये. तिथे तूर्तास साधा बल्ब लावलाय आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, प्रतिसाद ३ यांचा तो सेलवाला दिवा. काढलेला स्मार्ट बल्ब माझ्या टेबलावर गेला.

टॉर्च अजून आईच्या उशाशीच आहे. विचारलं तर म्हणाली, "असू दे."

आता शेवटची शंका: पॅसेजच्या बोर्डात न्यूट्रल ओढून आणणं बरं, की न्यूट्रलशिवायचा रिले लावून बल्बशेजारी बायपास कपॅसिटर (तो थोडा करंट बल्बऐवजी आपल्यातून जाऊ देणारा भाग) बसवणं? दोन्ही केलेल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद ४

भिंत फोडायची नसेल आणि दिव्याच्या जागी छतात पेटी असेल तर रिले तिथेच बसवा. दिव्यापाशी न्यूट्रल असतोच. फक्त बटणाच्या जोडणीत थोडा बदल लागेल. फोटो टाका, सांगतो.

प्रतिसाद १

रिले एकच मागवलात ना?

धागाकर्ता

चार. खोकं मोठं होतं.