मदत हवी आहे: आईबाबांच्या खर्चाची वाटणी, तीन भावंडं आणि तीन वेगवेगळ्या महागाया

हिशेबनीस

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही तीन भावंडं: ताई, मी आणि धाकटा भाऊ. आईबाबा वेगळे राहतात. त्यांचा महिन्याचा खर्च आम्ही तिघं सारखा वाटून घेतो आणि वही माझ्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी हे ठरलं तेव्हा कुणाची कुरकुर नव्हती. सारखं म्हणजे न्याय्य, एवढाच विचार.

खरे आकडे इथे देत नाही. धाकट्याचं तेव्हाचं उत्पन्न १०० धरा, बाकी सगळं त्याच मापात. ताईचं ३००, आमचं १६०. आईबाबांचा खर्च २४, म्हणून प्रत्येकी ८. आता तो खर्च ३० वर गेलाय, औषधं आणि तपासण्या हेच मुख्य. ताई म्हणते, महागाई सगळ्यांनाच आहे, प्रत्येकाने २ वाढवा, १०-१० देऊ, विषय संपला. धाकटा फोनवर "हो, चालेल" म्हणाला. पण त्याचा हा "हो" मी लहानपणापासून ओळखते. गेले काही महिने त्याचे पैसे आठवडाभर उशिरा येतात आणि मोठ्या मुलाचा क्लास बंद केल्याचं भावजयीच्या बोलण्यात सहज येऊन गेलं.

मग एका रात्री बसून तिन्ही घरांचा अंदाज मांडला. टाळताच न येणारा खर्च (भाडं किंवा हप्ता, किराणा, वीज, प्रवास, फी, दवाखाना) तीन वर्षांपूर्वी ताईचा १५०, आमचा १२०, धाकट्याचा ८५ असावा. तिघांचीही कमाई तेव्हापासून १० टक्क्यांनी वाढली आणि हा खर्च २० टक्क्यांनी, असं धरलं. आज ताईकडे ३३० मधून १८० जाऊन १५० उरतात. तीन वर्षांपूर्वीही तिचे १५०च उरत होते! आमचे ४० चे ३२ झाले (१७६ मधून १४४ जाऊन). धाकट्याचे १५ चे ८ (११० मधून १०२ जाऊन). म्हणजे आजच तो उरलेलं सगळंच्या सगळं वहीत जमा करतोय. १० द्यायचे तर २ कुठून तरी उसने आणणार.

माझे प्रश्न: (१) महागाई सगळ्यांना सारखी असताना हे असं का दिसतंय, की माझंच गणित चुकतंय? (२) ३० ची वाटणी कशी करावी, म्हणजे ताईला अन्याय वाटणार नाही आणि धाकट्याला उपकार वाटणार नाहीत?

टाचणी

ताईंना हा हिशेब दाखवलात का? की आधी आम्हालाच?

हिशेबनीस

नाही दाखवला. आमच्यात पगार विचारायची पद्धत नाही. हे आकडे बोलण्यातून, राहणीवरून काढलेत. ताई कंजूष नाही हो, गैरसमज नको. तिला खरंच दिसत नाहीये. परवा म्हणाली, "महागाई तर उतरलीय, बातम्यांत सांगत होते."

गणिताचा तास

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य माझ्या डोक्यात जातं (ताईंचं नाही, बातम्यांचं). महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नव्हे. भाव चढायचा वेग कमी झाला, एवढंच. वर्षाला सव्वासहा टक्क्यांनी तीन वर्षं चढलं की खर्च २० टक्क्यांनी वर जातो. चौथ्या वर्षी दर दोनवर आला तरी ते २० परत मिळत नाहीत, त्यांच्यावर आणखी दोन चढतात. तोवर कमाई मागे राहिली असेल तर ती मागेच.

तुमचं गणित बरोबर आहे. कमाई १.१० पट आणि भाव १.२० पट झाले, तर खरी मिळकत तिघांचीही साधारण सव्वाआठ टक्क्यांनीच घटते. टक्का एकच. पण तो कुठे लागतो? ताईंचा निम्म्याहून थोडाच जास्त पैसा टाळता न येणाऱ्या खर्चात अडकलाय, त्यामुळे उरलेल्यातून धक्का पचतो. धाकट्याचा ९० टक्क्यांहून जास्त अडकलाय. त्याच्याकडे धक्का शोषणारी गादीच नाही, थेट हाडाला लागतो.

हे काही नवं नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं होतं की घर जितकं गरीब, तितका खाण्यावरच्या खर्चाचा वाटा मोठा. १८६८ मध्ये श्वाबे या दुसऱ्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने घरभाड्याबद्दल तसंच काहीसं मांडलं. (हा एंगेल्स नव्हे, एंगेल. दरवेळी सांगावं लागतं.)

आणि तुम्ही तिघांना २० टक्के धरलेत, ते धाकट्याला कमीच असतील. समजा गरजेच्या वस्तू ३० टक्क्यांनी महागल्या आणि बाकीच्या ५ टक्क्यांनी. ज्या घराचा ४० टक्के खर्च गरजेवर, त्याची महागाई १५ टक्के. ज्याचा ७० टक्के, त्याची साडेबावीस. दुकान तेच, महिना तोच. बातम्यांतला आकडा ही सगळ्यांची मिळून सरासरी असते, आणि तीही अशी की जो जास्त खर्च करतो त्याच्या टोपलीचं वजन जास्त. माणशी एक मत नाही, पैशागणिक मत. तुमच्या आईबाबांची टोपली तर आणखी निराळी. अमेरिकेत ६२ वर्षं आणि त्यावरच्या लोकांसाठी एक वेगळा प्रायोगिक निर्देशांक मोजतात, कारण त्यांच्या खर्चात दवाखाना आणि घर यांचा भार जास्त. तेव्हा २४ चे ३० झाले यात आईबाबांची उधळपट्टी शोधू नका.

अजून एक. ताईंच्या घराचा हप्ता स्थिर व्याजाचा असेल तर तो गेली तीन वर्षं हललाच नसेल. धाकटा भाड्याने राहतो का?

हिशेबनीस

हो, भाड्याने. दर वर्षी वाढतं. ताईचा हप्ता बहुतेक स्थिर आहे. हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

सांजसावली

मी आमच्या घरातली "धाकटा" आहे, म्हणून लिहितेय. लोक सांगतात, काटकसर करा, स्वस्तातलं घ्या. अहो, आम्ही आधीपासून सगळ्यात स्वस्तातलंच घेतो! महाग ब्रँडवरून मधल्यावर, मधल्यावरून साध्यावर येणं ही ताईंसारख्यांची सोय आहे. तळाच्या पायरीवर उभं असलेल्याला खाली उतरायला पायरीच नसते. त्यात स्वस्तातल्या वस्तूच जास्त वेगाने महागतात, असं करोनानंतरच्या भाववाढीत अनेक देशांत दिसून आलंय. मोठं पाकीट वजनामागे स्वस्त पडतं हे मलाही कळतं, पण महिन्याच्या विशीनंतर मोठ्या पाकिटाचे पैसे एकदम नसतात. मग छोटं आणायचं, महाग पडतं हे माहीत असून.

तिसऱ्या आठवड्यात काय होतं तेही सांगते. आधी दातांचा डॉक्टर पुढे ढकलला जातो. मग चष्म्याचा नंबर. मग मुलांचं काहीतरी. हे कुठल्या वहीत खर्च म्हणून दिसत नाही, कारण तो केलेलाच नसतो. तुमच्या भावाच्या मुलाचा क्लास त्यातला.

आणि "हो, चालेल" आम्ही का म्हणतो? आईबाबांच्या बाबतीत आपण कमी पडतोय हे भावंडांसमोर कबूल करणं फार जड जातं. त्याला कमी भरायला सांगू नका. पद्धतच बदलतेय असं सांगा.

आडवा प्रश्न

ताईंच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून मी. जास्त कमावणाऱ्याला महागाई चिमटा काढत नाही हा गोड गैरसमज आहे. उरलेले १५० म्हणजे काही उशीखाली ठेवलेले नसतात. त्यात निवृत्तीची तजवीज आली, मुलांच्या पुढच्या शिक्षणाची आली, आणि साठवलेल्यावरचं व्याज महागाईहून कमी असेल तर ती पुंजीही आतून पोखरली जाते. आज १५० उरले तरी त्या १५० त तीन वर्षांपूर्वीच्या १२५ एवढंच येतं.

समजा तुम्ही उरलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटणी केली: १५०, ३२ आणि ८. ताईंकडे जवळपास २४, तुमच्याकडे ५, धाकट्याकडे सव्वा. तुम्ही आता ८ देता, ते थेट ५ होतील. म्हणजे महागाई वाढली आणि तुमचा वाटा घटला. ताई हे पाहून काय म्हणतील? शिवाय जो मोठ्या घराचा मोठा हप्ता घेईल त्याचं "उरलेलं" कमी, म्हणजे त्याला सूट. खर्चिक माणसाला बक्षीस देणारी ही पद्धत आहे.

नुसत्या कमाईच्या प्रमाणात केलंत तर साधारण १६, साडेआठ आणि साडेपाच होतात. निदान कुणी कुणाच्या खर्चात नाक खुपसत नाही.

टाचणी

+१. आणि आता मूळ मुद्द्यावर येते, राग मानू नका. हिशेबनीस, तुमच्या घरात माणसं किती?

हिशेबनीस

आम्ही दोघंच. धाकटा, भावजय आणि दोन लहान मुलं. ताईकडे तिघं, मुलगा सोळाचा.

टाचणी

म्हणजे चौघांचं "टाळता न येणारं" १०२ मध्ये भागतं आणि दोघांचं १४४ मध्ये?

हिशेबनीस

...

खरंय. त्यात दुसरी खोली हवीच म्हणून घेतलेल्या घराचा हप्ता आहे, गाडी आहे. इतकी वर्षं मी स्वतःला "मधली" समजत आले. वही माझ्याकडे, त्यामुळे अंदाजही माझ्याच बाजूने झुकला असणार. कबूल.

गणिताचा तास

प्रामाणिकपणे लिहिलंत, बरं वाटलं. मग कुटुंबाचा आकार धरून बघू. आंतरराष्ट्रीय तुलनांसाठी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचं एक सुधारित माप वापरात आहे: घरातला पहिला प्रौढ १, पुढचा प्रत्येक ०.५, चौदाखालचं मूल ०.३. एकत्र राहणाऱ्यांना घर, दिवे, चूल वाटून घेता येतात, म्हणून पुढच्या माणसांचे आकडे लहान. या मापाने ताईंचं घर २, तुमचं १.५ आणि धाकट्याचं २.१. कमाईला त्याने भागा: ताई १६५, तुम्ही सुमारे ११७, धाकटा ५२. बघा, तुम्ही ताईंच्या जवळ सरकलात.

आता जगण्यापुरती रक्कम सगळ्यांना माफ करा, मापाच्या प्रत्येक एककामागे ४० धरून. ताईंचे ३३० मधून ८० गेले, उरले २५०. तुमचे १७६ मधून ६० जाऊन ११६. धाकट्याचे ११० मधून ८४ जाऊन २६. या प्रमाणात ३० वाटले की साधारण १९, ९ आणि २. बेरीज बरोबर ३० येते. प्राप्तिकरात ठरावीक कमाईपर्यंत सूट असते तीच कल्पना. इथे कुणाचा हप्ता मोठा याला महत्त्व उरत नाही, म्हणजे आडवा प्रश्न यांची तक्रारही मिटते.

हा ४० चा आकडा मी हवेतून घेतलाय, तो तुम्ही तिघांनी मिळून ठरवायचा. वर नेलात की ओझं ताईंकडे आणि तुमच्याकडे सरकतं, आणि ५३ धरलात की धाकट्याचा वाटा शून्य. म्हणून खरी घासाघीस या एका आकड्यावर करा, बाकी आपोआप पडेल.

सांजसावली

शून्य मात्र करू नका. मी सांगतेय ना. २ असू द्या, पण असू द्या.

आडवा प्रश्न

आणि वेळेचं काय? दवाखान्यात कोण नेतं, रात्री फोन आला की कोण पोचतं? ते कुणाच्याच वहीत नसतं.

हिशेबनीस

नेतो धाकटाच. तोच सगळ्यात जवळ राहतो.

काल बोलणं झालं, म्हणून लिहितेय. आधी एकट्या ताईशी बोलले आणि सुरुवात माझ्या स्वतःच्या १४४ पासून केली. त्यामुळे ती बचावात गेली नाही. पगाराचे आकडे एकमेकांना सांगायला दोघीही कचरत होतो, पण शेवटी तिनेच तिचा आधी सांगितला. माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. १९ ऐकून ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली चालेल, पण दर वर्षी एकदा तिघांनी बसून नव्याने मांडायचं, कायमचं गृहीत धरायचं नाही. रास्त आहे.

धाकट्याला २ सांगितल्यावर मात्र तो भडकला. "मी काय पाहुणा आहे का?" सांजसावली, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, पद्धत बदलतेय म्हणून. तरी तो ४ वर अडून बसला. ताई म्हणाली, घे ४, पण दवाखान्याच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च वहीतून घ्यायचा, स्वतःच्या खिशातून नाही. त्यावर तो काही बोलला नाही. त्याचं हे न बोलणं मला अजून नीट वाचता आलेलं नाही. तूर्त ताई १८, मी ८, तो ४.

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलंच: अचानक शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च आला तर तोही याच प्रमाणात वाटायचा, की त्यासाठी दर महिन्याला वेगळं काढून ठेवायचं? कुणी केलंय का असं?

टाचणी

केलंय. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, याच्यात हरवेल.