८ आणि २५ नंबरचा घोळ

वर एका ताईंनी लिहिलंय की त्यांच्या रिपोर्टात ८ नंबरपर्यंत डायलेशन (म्हणजे गर्भाशयाचं तोंड रुंद करणं) आणि अमेरिकेतल्या बहिणीच्या रिपोर्टात २५ पर्यंत, म्हणजे तिकडे तिप्पट ताणलं. तसं नाही हो, दोन्ही जवळपास सारखंच आहे. आपल्याकडे बहुधा हेगारचे डायलेटर (तोंड रुंद करायची दांडीसारखी उपकरणं) असतात, त्यावरचा आकडा म्हणजे सरळ मिलिमीटरमधला व्यास. तिकडे प्रॅटचे डायलेटर बरेच वापरतात आणि त्याचं माप फ्रेंच. ३ने भागा की मिलिमीटर मिळतात. २५ म्हणजे साधारण ८.३.

डायलेटरना 'लोखंडी सळ्या घुसवतात' असं म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावते, रोज हाताळते. स्टीलचे, गुळगुळीत, किंचित बाकदार, टोक गोल, नंबर दांड्यावर कोरलेला. चढत्या क्रमाने मांडायचे, अर्ध्या किंवा एका मिलिमीटरच्या फरकाने. मधला एखादा गायब असेल तर डॉक्टर मॅडमचा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. पायरी गाळली की जोर लागतो, आणि जोरात घातला की गर्भाशयाला भोक पडायची भीती. म्हणूनच डायलेटर बोटांत धरतात, मुठीत नाही. गर्भाशयाचं तोंड फारच घट्ट असेल तर काही तास आधी ते मऊ करायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देतात. काही ठिकाणी लॅमिनेरिया ठेवतात: समुद्री शेवाळाचे वाळवलेले देठ, ओल शोषून हळूहळू फुगतात, बऱ्याचदा रात्रभर. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना यातलं काय करणार ते खुशाल विचारा, सांगतात.