मदत हवी आहे : घरगुती व्हेपोरायझर – हवेच्या वाटेत काय चालेल?

टूलरूमवाला :

मंडळी, विषय गांजाचा आहे, म्हणून आधी खुलासा. आम्ही कॅनडात, एडमंटनला राहतो. औषध म्हणून इथे २००१ पासून परवानगी होती, १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर सगळ्याच सज्ञान लोकांना आहे. तेव्हा कायद्याची चर्चा या धाग्यावर नको, कृपया.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मज्जातंतूंचा आजार) आहे, अकरा वर्षं झाली. दिवसा ती वॉकर घेऊन सगळं करते. रात्री दोनच्या सुमारास मात्र डावा पाय लाकडासारखा ताठ होतो, अंगठा आत वळतो आणि पांघरुणात अडकतो. मी उठून तळवा दाबून धरतो, दहा-पंधरा मिनिटांनी सुटतो. बॅक्लोफेन (स्नायू सैल करणारी गोळी) चालू आहे, पण डोस वाढवला की सकाळी पाय लुळे पडतात. एमएससाठी गांजाच्या अर्काचा तोंडात मारायचा स्प्रे असतो, सॅटिव्हेक्स. कॅनडाने त्याला २००५ मध्ये सगळ्यांत आधी मंजुरी दिली होती. तो घेतला, पण त्यात अल्कोहोल असतं. महिन्याभरात जिभेखाली सोललं गेलं, आमटीही खाता येईना.

आता डॉक्टरांनी सुक्या फुलांचं मेडिकल डॉक्युमेंट (म्हणजे चिठ्ठीच) दिलंय, दिवसाला १ ग्रॅम, एक वर्षासाठी. तेल पोटातून घेतलं तर लागू व्हायला तास-दोन तास जातात, रात्री दोनला त्याचा उपयोग नाही. ओढायचं म्हटलं तर तिला खोकला, आणि भाड्याच्या घरात धूर करायला बंदी. राहिला व्हेपोरायझर. म्हणजे पाला (ही सुकी फुलंच) जाळायचा नाही, गरम हवेने त्यातलं औषध उडवून घ्यायचं. टीएचसी (गांजातलं मुख्य रसायन) साधारण १५७ अंशांना उडू लागतं आणि २३०च्या आसपास पाला जळायला लागतो, असं वाचलंय. आपल्याला मधल्या पट्टीत राहायचंय.

चांगलं जर्मन टेबलावरचं यंत्र पाचशे डॉलरच्या वर जातं. मी पिंपरीत बावीस वर्षं टूलरूममध्ये काढलेली. म्हटलं, गरम हवाच तर करायचीय! गॅरेजमध्ये रंग खरवडायची हीट गन पडली होती. तिच्या तोंडाशी काचेची नळी, नळीत स्टीलची जाळी, वर ओव्हनमध्ये कोंबडी भाजायची पारदर्शक पिशवी. पिशवी फुगली की काढून त्यातली हवा ओढायची. वीस डॉलरमध्ये काम.

पहिली चाचणी पाला न घालता घेतली. पिशवी झकास फुगली. नाक लावलं तर जळक्या रंगाचा वास. दुसऱ्या दिवशी के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) जाळीपाशी बसवलं. गॅरेज बंद असताना १९०. तेवढ्यात पोराने शटर वर केलं, बाहेर उणे २२, आणि आकडा घसरून १५५. गनचं बटण जागचं हललेलं नाही! शटर लावलं तर चढून २१४ वर गेला. हे बायकोला द्यायची माझी छाती नाही.

प्रश्न : १) तापमान जाळीपाशी स्थिर कसं ठेवू? २) हवेच्या वाटेत कुठला माल चालेल? माझ्याकडे पितळी बुश आणि जीआय पाइप भरपूर आहे. ३) सांधे एम-सीलने बंद केले तर?

---

कोकणी_मिरची :

एम-सील हसत हसत वाचलं. काका, ते गळक्या नळासाठी. इपॉक्सी गरम झालं की आधी मऊ पडतं, मग वास सोडायला लागतं, आणि तो वास काकूंच्या छातीत जाणार.

मी पुण्यात इंडस्ट्रियल ओव्हन बनवणाऱ्यांकडे काम करते, गांजाचा अनुभव शून्य, हवेचा आहे. तुमची अडचण गनमध्ये आहे. तिच्यात तार उघडी असते, अभ्रकावर गुंडाळलेली, आणि सगळी हवा त्या तारेवरून जाते. वर पंख्याचं प्लास्टिक आणि आजवर खरवडलेल्या रंगाची धूळ. जुन्या रंगात शिसंही असतं. श्वासात जायची हवा हीटरला शिवताच कामा नये. हीटर बाहेर, हवा आत, मध्ये भिंत.

---

टूलरूमवाला :

भिंत कशाची?

---

कोकणी_मिरची :

बोरोसिलिकेट काच, क्वार्ट्झ किंवा ३०४/३१६ स्टेनलेस. जीआयवर जस्ताचा थर असतो, तो नको. पितळ तर तुम्हीच सांगा, बुश कुठल्या पितळेचे आहेत?

---

टूलरूमवाला :

फ्री कटिंग. अडीच-तीन टक्के शिसं असणार. बावीस वर्षं हाताळलं आणि इथे लक्षात आलं नाही, शाबास माझी. बुश बाद.

---

मॉन्ट्रियलकर :

मी स्वतः रुग्ण आहे (मणक्याचं दुखणं), घरीच बनवलेलं वापरतो. गन सोडा. इथले हौशी लोक काय करतात सांगतो. छोट्या पेल्यासारखं काचेचं किंवा स्टेनलेसचं पोकळ डोकं घ्यायचं, त्यात ३ मिलिमीटरचे माणकाचे कृत्रिम गोळे किंवा बोरोसिलिकेटचे मणी भरायचे. बाहेरून गुंडाळी हीटर, तोही बंद आवरणातला, आणि त्याला पीआयडी कंट्रोलर, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणारा डबा. तुम्ही ओढाल तशी हवा मण्यांमधून जाते, मणी तिला उष्णता देतात. गोळ्यांनी साठा धरलेला असतो, त्यामुळे शटर उघडलं म्हणून आकडा कोसळत नाही. पंखा नाही, पिशवी नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. पीआयडीवरचा आकडा गुंडाळीचा असतो, पाल्याचा नाही. माझ्याकडे पडद्यावर २६० दिसतं तेव्हा पाल्यापाशी १८५च्या आसपास भरतं. तुमचं वेगळं येईल. माझा आकडा उचलू नका, आपलं थर्मोकपल जाळीवर ठेवून, चार-पाच सेकंद हवा ओढत मोजा. ओढत असतानाच, कारण थांबलेल्या हवेचा आकडा खोटा असतो.

---

शेवंता :

एवढा खटाटोप कशाला, व्हेप पेनमध्ये घालायच्या तेलाच्या तयार कार्ट्रिज मिळतात की.

---

मॉन्ट्रियलकर :

मिळतात. पण २०१९ मध्ये अमेरिकेत अशा टीएचसी कार्ट्रिजमुळे फुप्फुसांना इजा झालेले दोन हजारांहून जास्त लोक दवाखान्यात पोचले. बहुतेकांनी माल दुकानाबाहेरून घेतलेला, आणि त्यात तेल पातळ करायला घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. परवानाधारकाकडचा माल वेगळा, मान्य. पण सुक्या फुलात काय आहे ते डोळ्यांना दिसतं.

---

निवृत्त_सिस्टर :

यंत्राचं मला कळत नाही, पेशंटचं कळतं. बॅक्लोफेनबरोबर हे दिलं की गुंगी दुप्पट येऊ शकते आणि उभं राहताच बीपी पडतं. पहिल्या रात्री एकच झुरका, तोही पलंगावर बसून. पंधरा मिनिटं थांबा, मगच दुसरा. बाथरूमला एकटं सोडू नका. वॉकरवाल्या पेशंटचं खुब्याचं हाड मोडलं तर पायाच्या पेटक्यांची आठवणही राहणार नाही. आणि तुम्ही काय करताय ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, इथल्या सल्ल्यावर जाऊ नका, माझ्याही.

---

भटका_वकील :

धाग्यावर कायदा नको म्हणालात, तरी एक वाक्य. डॉक्युमेंट असलं तरी कॅनडाच्या हद्दीबाहेर हा माल नेणं गुन्हा आहे. भारतात १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं, म्हणजे आपली भांग, त्या व्याख्येत येत नाहीत. दिवाळीला घरी याल तेव्हा "औषध आहे हो" म्हणून सुटका नाही.

---

टूलरूमवाला :

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

मॉन्ट्रियलकरांच्या पद्धतीने गेलो. गुंडाळी आणि पीआयडीचा संच ७० डॉलर, काचेचं डोकं ३५, मणी १५. जाळी ३१६ची. कटिंग ऑइल राहू नये म्हणून प्रत्येक तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतला, मग पाल्याशिवाय पूर्ण तापवून तीनदा हवा ओढून टाकली. तिसऱ्यांदा वास शून्य. पायथ्याला अक्रोडाचा ओंडका, तो फुकट मिळाला. उष्णता अडवायला सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळायचा मोह झाला होता, पण त्याचे तंतू उडतात, म्हणून तिथे नुसती मोकळी जागा सोडली.

मोजमापाला दोन संध्याकाळी गेल्या. पडद्यावर २४५ असताना ओढत्या हवेत जाळीपाशी १७८ ते १८६. दार उघडलं तर १७५. तेवढी घसरण चालेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या डोनाल्ड एब्रम्स यांनी २००७ मध्ये १८ जणांवर जी चाचणी केली तिच्यात यंत्र १९०ला लावलेलं होतं, म्हणजे मी फार भरकटलेलो नाही. वापरून झालेला पाला भाजलेल्या धण्याच्या रंगाचा निघतो, काळा एकदाही नाही.

सिस्टरबाई, डॉक्टरांना फोटोसकट सांगितलं. त्यांनी रात्रीच्या बॅक्लोफेनची वेळ दोन तास अलीकडे घेतली. पहिल्या रात्री एकच झुरका. ती म्हणाली, "चव गवताची आहे, तुझ्या गॅरेजची नाही." पाय ताठ झाला तो चारेक मिनिटांत सुटला. दुसऱ्या रात्री झालाच नाही, तिसऱ्या रात्री पुन्हा झाला. अशा हिशोबाने चाललंय, जादू वगैरे नाही. पण तळवा दाबायला मी उठलो नाही अशा आठ रात्री मोजल्यात.

एक अडचण उरली. काचेचं डोकं थंड व्हायला पाऊण तास लागतो आणि आमची मांजर नेमकी त्या ओंडक्यापाशी ऊब शोधत येते. वर ठेवायला जाळीचा पिंजरा वळतोय. ३०४ची बारीक वेल्ड मेश एडमंटनमध्ये किरकोळीत कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? ऑनलाइन सगळे पूर्ण रोलच विकतात.