पंप थांबवले की भूजलात टीसीई पुन्हा का वाढतं?

भूजल_नवखी: पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका बंद कारखान्याच्या जागेचे अहवाल चाळतेय. तिथे धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई) वापरायचे. दूषित पाणी उपसून, शुद्ध करून सोडायचं काम बरीच वर्षं चाललं आणि आकडे उतरले. पंप थांबवल्यावर निरीक्षण विहिरींत टीसीई परत चढलं. कारखानाच उरला नाही, मग नवी गळती कुठली?

गाळवाला: गळती जुनीच. याला आम्ही रिबाउंड म्हणतो, सर्रास दिसतं. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड आणि पाण्यात फार विरघळत नाही. डिझेल भूजलावर तरंगतं, हे मात्र खाली खाली जाऊन चिकणमातीच्या थरावर साचतं आणि सावकाश त्यात मुरतं. पंप उपसतो ते मुख्यतः वाळूतलं पाणी. वाळू धुऊन निघाली की चिकणमाती मुरलेला माल परत सोडायला लागते. पंप चालू असेतो तो पातळ होऊन निघून जातो, म्हणून आकडे गोंडस दिसतात.

भूजल_नवखी: म्हणजे पंप कायमचा चालवायचा? अहवालात जिवाणूंचा पर्याय सुचवलाय.

गाळवाला: पंपाने प्रदूषण पुढे सरकायचं थांबतं, तेवढ्यासाठी तो हवाच. जिवाणू चांगले, पण लहरी. यातले डीहॅलोकोकॉइड्स नावाचे जिवाणू ऑक्सिजन नसेल तिथेच काम करतात. टीसीईतला एकेक क्लोरीन काढत डीसीई (डायक्लोरोइथिलीन), मग व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथिन. गाडी मध्येच अडली तर विहिरीत व्हिनाइल क्लोराइड साठतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरला टीसीई 5 मायक्रोग्रॅम चालतं, व्हिनाइल क्लोराइड फक्त 2. टीसीई घटलं की लगेच ‘सफाई यशस्वी’ लिहून मोकळे होणारे सल्लागार मी पाहिलेत. इथिन मोजलंय का ते बघा.

कलम_किडा: खर्चाबद्दल थोडं. ‘कारखानाच उरला नाही’ म्हणून जबाबदारी संपतेच असं नाही. लव्ह कॅनॉल प्रकरणानंतर (पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती उभी राहिली होती) अमेरिकेत 1980 साली दूषित जागांच्या सफाईसाठी सुपरफंड कायदा आला. त्यात जागेचा आजचा मालक आणि कचरा टाकला तेव्हाचा चालक, दोघांनाही धरता येतं. टाकताना ते कायदेशीर होतं ही सबब चालत नाही. आणि जागेवर इमारत उभी राहणार असेल तर आधी मातीतली वाफ तपासायला हवी. टीसीई जमिनीतून फटींवाटे खोल्यांत शिरतं. नुसतं पाणी तपासून भागत नाही.

भूजल_नवखी: इथिनचा रकानाच नाहीये अहवालात. वाफेचाही नाही.

गाळवाला: मग प्रयोगशाळेचे मूळ निकाल मागवा. आणि विहिरींच्या नळ्यांची जाळी, म्हणजे पाणी आत येतं तो छिद्रांचा भाग, कोणत्या खोलीवर बसवलीय तेही विचारा. सगळ्या वाळूतच असतील तर चिकणमातीबद्दल तो अहवाल काहीच सांगत नाही.